वॉशिंग्टन हे आडनाव मूळचे कोणत्या गावाचे, आणि आज ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांतच इतके का आढळते?

शोधयात्री

सध्या बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र वाचत आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या या मुलाला शाळेत हजेरीच्या वेळी प्रथमच आडनाव विचारले जाते. इतर मुलांना दोन-दोन नावे आहेत आणि आपल्याला एकच, हे त्याच्या ध्यानात येते आणि तो तिथल्या तिथे ‘वॉशिंग्टन’ असे सांगून मोकळा होतो. हा प्रसंग वाचल्यापासून या आडनावाविषयी कुतूहल जागे झाले.

थोडी चाळाचाळ केल्यावर एवढे कळले की हे आडनाव मूळचे इंग्लंडमधले असून ते एका गावाच्या नावावरून आले आहे. गावावरून आडनाव ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ‘कर’ लावला की काम भागते. तरीही काही गोष्टींचा मेळ बसत नाही. इंग्लंडच्या नकाशावर या नावाची गावे एकाहून अधिक दिसतात, मग आडनाव नेमके कोणत्या गावाचे? जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्यात ते केव्हा आणि कसे आले, आणि ते घराणे त्या गावातूनच अमेरिकेला गेले का? सर्वांत बुचकळ्यात टाकणारी बाब म्हणजे आजचे वास्तव. इंग्लंडमधील एका खेड्याचे नाव लावणारी बहुसंख्य माणसे आज अमेरिकेतील आफ्रिकी वंशाची आहेत असे वाचले. डेंझेल वॉशिंग्टन, केरी वॉशिंग्टन ही नावे आठवली तर ते खरे वाटते, पण ‘वाटणे’ आणि आकडे यांत फरक असतो. हे प्रमाण खरोखर किती आहे, आणि ते सगळे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मळ्यावरील गुलामांचे वंशज आहेत असे समजायचे का?

जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. घाई नाही.

नामवेध

मी गावाच्या नावापुरते आणि इंग्लंडमध्ये आडनावे कशी रुजली यापुरते लिहितो. अमेरिकेचा भाग त्या विषयाच्या अभ्यासकांनी घ्यावा.

इंग्लंडच्या ईशान्येस, पूर्वीच्या डरहॅम परगण्यात, वेअर नदीच्या उत्तरेला वॉशिंग्टन नावाचे जुने गाव आहे. १९६४ मध्ये सरकारने ते ‘नवे शहर’ म्हणून वाढवायचे ठरवले, १९७४ च्या प्रशासकीय फेररचनेत ते टाइन अँड वेअर परगण्यात गेले आणि आज ते संडरलंड शहराच्या हद्दीत मोडते. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आडनावाचे मूळ गाव हेच. नावाची फोड अशी केली जाते: ह्वेसा किंवा तत्सम नावाचा कोणी अँग्लो-सॅक्सन पुरुष, मग संबंध दाखवणारा ‘इंग’, आणि शेवटी वाडी किंवा वस्ती या अर्थाचा ‘टन’. हा शेवटचा भाग इंग्लंडमधील शेकडो गावांच्या नावांत आहे. सुरुवातीच्या अक्षरांवरून तिथे कधीकाळी धुण्याचा घाट असावा असा तर्क कोणालाही सुचेल, पण तो टिकत नाही. मध्ययुगीन दप्तरांत हे नाव ‘वॅसिंग्टन’, ‘वेसिंग्टन’ अशा रूपांत येते आणि त्यातला ‘श’ बराच नंतरचा आहे.

दुसरे वॉशिंग्टन दक्षिणेला ससेक्समध्ये आहे. दहाव्या शतकातील सनदांत त्याचा उल्लेख येतो आणि त्याचा अर्थ ‘वासा नावाच्या माणसाच्या कुळाची वस्ती’ असा लावतात. म्हणजे दोन्ही गावांची आजची रूपे एकसारखी असली तरी मूळ पुरुष वेगळे. डर्बीशायरमध्ये तर याहून मौजेचा प्रकार आहे. तिथे वेसिंग्टन नावाचे गाव आहे, आणि ते डरहॅमच्या गावाच्या जुन्या रूपाशी इतके जुळते की एखादा नवखा वंशावळकार सहज फसावा. परंतु राजाने १०८६ मध्ये करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, म्हणजे डूम्सडेत, त्या गावाचे नाव ‘विस्टनेस्ट्यून’ असे नोंदलेले आहे, म्हणजे ती विगस्टन नावाच्या माणसाची वाडी. वॉशिंग्टनशी तिचा काडीचाही संबंध नाही. जुन्या कागदात ‘वेसिंग्टन’ असे आडनाव सापडले तर ते कोणत्या परगण्याच्या कागदात आहे हे आधी पाहावे लागते ते यासाठीच.

आता आडनावाकडे वळू. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे जवळजवळ नव्हती. त्यानंतरच्या तीनएकशे वर्षांत ती हळूहळू रुजली. आधी जमीनदारांत, मग शहरांतील व्यापाऱ्यांत, आणि सर्वांत शेवटी सामान्य कुळांत व मजुरांत. दक्षिणेत ती लवकर स्थिरावली, उत्तरेत उशिरा. स्थळवाचक आडनावे दोन वाटांनी तयार झाली आणि या दोन वाटा वेगळ्या ठेवल्याशिवाय कोणत्याही इंग्रजी स्थळवाचक आडनावाचा इतिहास नीट लागत नाही. जमीनदार ज्या गावाचा मालक त्या गावाचे नाव लावत असे. त्याच्या बाबतीत नाव म्हणजे हक्काची खूण होती. सामान्य माणसाला मात्र गावाचे नाव चिकटे ते गाव सोडल्यानंतर. गावात सगळेच त्या गावचे, तेव्हा तिथे त्या नावाने कोणी कोणाला ओळखणार नाही. पण तोच माणूस डरहॅम शहरात किंवा न्यूकॅसलला जाऊन राहिला की शेजारी त्याला ‘वेसिंग्टनचा जॉन’ म्हणू लागत. परिणामी एकाच गावाचे नाव लावणारी, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली अनेक कुटुंबे असू शकतात.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याची वाट पहिली होती. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम द हर्टबर्न या सरदाराने स्टॉकटनजवळचे आपले हर्टबर्न हे गाव डरहॅमच्या बिशपला देऊन त्या बदल्यात वेसिंग्टन घेतले. बिशप ह्यू द प्युसे यांनी ११८३ मध्ये आपल्या जमिनींची पाहणी करून जे दप्तर तयार करवले, ज्याला बोल्डन बुक म्हणतात, त्यात ही अदलाबदल नोंदलेली आहे. गावातील चर्च आणि चर्चची जमीन या व्यवहारातून वगळलेली होती, इतका तपशील त्यात मिळतो. जमीन बदलली तसे नावही बदलले, आणि हर्टबर्नचा विल्यम वेसिंग्टनचा विल्यम झाला. हा व्यवहार झाला नसता तर अमेरिकेची राजधानी कदाचित हर्टबर्न म्हणून ओळखली गेली असती. अर्थात ही केवळ गंमत; इतिहास अशा ‘जर-तर’ने चालत नाही.

जुनीपाने

नामवेध यांनी घराण्याला वेसिंग्टनपर्यंत आणून सोडले आहे, तिथून पुढे मी नेतो. शोधयात्री यांचा एक प्रश्न असा होता की हे घराणे त्या गावातूनच थेट अमेरिकेला गेले का. तसे झाले नाही. नाव गावाचे राहिले, माणसे मात्र कितीतरी आधी तिथून हलली होती.

डरहॅम भागात घराण्याचा शेवटचा मोठा माणूस म्हणावा असा पुरुष म्हणजे जॉन वेसिंग्टन. ते १४१६ ते १४४६ या काळात डरहॅम कॅथेड्रलच्या मठाचे प्रमुख होते. मूळ गावची गढी पुढे मुलीकडून दुसऱ्या घराण्यात गेली आणि १६१३ मध्ये पुन्हा डरहॅमच्या बिशपकडे आली. आज तिथे जे ‘ओल्ड हॉल’ दाखवतात त्याचे बरेचसे बांधकाम सतराव्या शतकातले आहे, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पूर्वज त्याच भिंतींत राहिले असे म्हणता येत नाही. तरीही ती वास्तू जपली गेली, १९५७ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे, आणि १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या गावाला भेट दिली होती.

घराण्याची एक शाखा लँकेशायरमधील वॉर्टन येथे गेली. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर घराण्याचे मानचिन्ह आजही पाहायला मिळते: पांढऱ्या ढालीवर दोन आडवे लाल पट्टे आणि त्यांच्या वर तीन लाल तारे. कोलंबिया जिल्ह्याचा, म्हणजे राजधानी वॉशिंग्टन डी.सी.चा, १९३८ मध्ये स्वीकारलेला ध्वज पाहिलात तर तेच पट्टे आणि तेच तारे दिसतील. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाचे मूळही याच ढालीत आहे असे अधूनमधून लिहिले जाते, पण त्याला पुरावा नाही आणि ते पसरवू नये.

वॉर्टनच्या शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेला नॉर्थॅम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात त्याने बस्तान बसवले आणि तो दोनदा त्या शहराचा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा, १५३९ मध्ये, या लॉरेन्सने सल्ग्रेव्ह येथील इस्टेट राजाकडून विकत घेतली. तीच ‘सल्ग्रेव्ह मॅनर’. त्याच्याच वंशातला, लॉरेन्स नावाचाच एक पाद्री एसेक्समधील पर्ली येथे होता. इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, गुत्त्यात बसतो असा ठपका ठेवून प्युरिटन पक्षाने त्याला पदावरून काढले. आरोपात तथ्य किती आणि राजनिष्ठेची शिक्षा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. कुटुंबाची परिस्थिती खालावली. या पाद्र्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर नोकरीला लागला, १६५७ च्या सुरुवातीला ते जहाज पोटोमॅक नदीत रुतले, आणि जॉन व्हर्जिनियातच राहिला. पुढच्याच वर्षी त्याने तिथल्या एका जमीनदाराच्या मुलीशी, अ‍ॅन पोप हिच्याशी लग्न केले. जॉर्ज वॉशिंग्टन हे या जॉनचे पणतू. त्यांचा जन्म १७३२ चा.

हे सर्व आज सलग सांगता येते, पण स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन यांना ते माहीत नव्हते. लंडनच्या मानचिन्ह कार्यालयाचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी १७९१ मध्ये त्यांना पत्र लिहून घराण्याची माहिती मागवली. १७९२ मध्ये धाडलेल्या उत्तरात राष्ट्राध्यक्षांनी सरळ कळवले की या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. मूळ पुरुष इंग्लंडच्या उत्तरेकडील परगण्यांतून आला असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, पण तो लँकेशायर, यॉर्कशायर की त्याहून उत्तरेचा, हे नेमके आठवत नाही. मला या उत्तरात विशेष वाटते ते हे की जॉन प्रत्यक्षात एसेक्समधून, म्हणजे आग्नेयेकडून आला होता, आणि घराण्याने उत्तर सोडून शतकभराहून अधिक काळ लोटला होता. तरी उत्तरेची आठवण तोंडी टिकून राहिली होती आणि मधले सगळे टप्पे गळून पडले होते.

हर्ड यांनी मग आपल्या परीने वंशावळ जुळवली, पण त्यांनी धरलेला जॉन निराळाच निघाला. जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी १८६६ मध्ये ती जोडणी मोडीत काढली आणि हेन्री वॉटर्स यांनी १८८९ मध्ये मृत्युपत्रांच्या आधारे पर्लीच्या पाद्र्याशी खरा धागा जोडला. सल्ग्रेव्हचे घर त्यानंतर, १९१४ मध्ये, ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील शंभर वर्षांच्या शांततेचे स्मारक म्हणून लोकवर्गणीतून विकत घेण्यात आले. एकाच आडनावाचे, एकाच पहिल्या नावाचे आणि एकाच पिढीतले दोन-तीन पुरुष असले की वंशावळीचे काय होते याचा हा नमुना आहे. आणि हे तर दप्तरे भरभरून असलेल्या जमीनदार घराण्याचे झाले.

शोधयात्री

दोन्ही प्रतिसाद अत्यंत माहितीपूर्ण आहेत, आभार. आता उरलेला प्रश्न अधिकच टोचू लागला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचे अपत्य नव्हते. मग आजचे एवढे वॉशिंग्टन आले कुठून? गुलामांना मालकाचे आडनाव मिळत असे हे सर्वत्र ऐकतो, म्हणजे त्यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरची माणसे पुढे वॉशिंग्टन झाली असे साधे उत्तर आहे का?

उत्तरा

तसे साधे उत्तर नाही, आणि ‘गुलामांना मालकाचे आडनाव मिळत असे’ हे वाक्यच मुळात सावधपणे वापरावे असे मला वाटते. त्यात आडनाव ही कोणीतरी ‘दिलेली’ वस्तू ठरते. प्रत्यक्षात बहुतेक मालक आपल्या वह्यांत गुलामांची केवळ पहिली नावे लिहीत, त्यांना आडनाव आहे हे मान्यच करत नसत. हर्बर्ट गटमन यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की गुलामगिरीत असतानाही अनेक कुटुंबे आपापसांत आडनाव वापरत होती, आणि ते बऱ्याचदा सध्याच्या मालकाचे नसून आधीच्या, कधी आजोबा-पणजोबांच्या काळातील मालकाचे असे. कुटुंबे विकली जात, फुटत. अशा वेळी जुने आडनाव धरून ठेवणे म्हणजे आपली माणसे कोण हे लक्षात ठेवणे होते.

माउंट व्हर्ननचेच उदाहरण घेऊ. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तिथल्या गुलामांची यादी केली तेव्हा ती ३१७ जणांची भरली. त्यांपैकी १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. १५३ जण मार्था वॉशिंग्टन यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे होते आणि बाकीचे भाड्याने घेतलेले. मृत्युपत्राने मुक्ती मिळू शकली ती फक्त पहिल्या गटाला, आणि मार्था यांनी ती १ जानेवारी १८०१ रोजी अमलात आणली. तिथल्या ज्या व्यक्तींची आडनावे आपल्याला ठाऊक आहेत ती पाहा: विल्यम ली, डेव्ही ग्रे, कॅरोलाइन ब्रॅनहम, ओना जज. वॉशिंग्टन यांत कोणीच नाही. विल्यम ली हा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा खास सेवक, युद्धभर त्यांच्यासोबत घोड्यावर असलेला. त्याला १७६८ मध्ये कर्नल जॉन ली यांच्या इस्टेटीतून विकत घेतले होते आणि त्याने ‘ली’ हेच नाव शेवटपर्यंत लावले.

त्या मळ्यावरून वॉशिंग्टन हे नाव घेऊन बाहेर पडलेला एक माणूस मात्र ठळकपणे दिसतो, तो हॅरी वॉशिंग्टन. आफ्रिकेत जन्मलेला, १७६३ मध्ये विकत घेतलेला हा माणूस अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात माउंट व्हर्ननहून पळाला आणि ब्रिटिशांना जाऊन मिळाला, कारण बंडखोर मालकांच्या गुलामांना ब्रिटिशांनी मुक्तीचे आश्वासन दिले होते. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडणाऱ्या कृष्णवर्णीयांची जी नोंदवही ब्रिटिशांनी ठेवली तीत त्याचे नाव आहे. तिथून तो आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशियाला, १७९२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेला, आणि १८०० मध्ये ती वसाहत चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या करांविरुद्ध झालेल्या उठावात सामील झाल्याबद्दल हद्दपार झाला. एक वॉशिंग्टन ब्रिटिश राजवटीविरुद्ध जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला, दुसरा ब्रिटिशांच्या आश्रयाने स्वतंत्र झाला आणि पुढे त्यांच्याच वसाहतीत बंडखोर ठरला.

मग संख्या कुठून वाढली? एक कारण असे की वॉशिंग्टन घराणे जॉर्ज यांच्यापुरते नव्हते. त्यांचे भाऊ, पुतणे, चुलतभाऊ असा मोठा गोतावळा व्हर्जिनियात आणि बाहेर मळे चालवत होता. टेनेसीमध्ये जोसेफ वॉशिंग्टन याने १७९६ मध्ये वसवलेल्या मळ्याला तर घराण्याच्या जुन्या स्पेलिंगने ‘वेसिंग्टन’ असेच नाव दिले होते, आणि १८६० मध्ये तिथे २७४ माणसे गुलामगिरीत होती. गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकी यादवी युद्धानंतर (१८६१–६५) त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांनी वॉशिंग्टन हे नाव लावले. डरहॅमच्या बिशपच्या दप्तरातले रूप असे टेनेसीच्या तंबाखूच्या शेतात उतरलेले पाहून जरा थबकायला होते.

दुसरे आणि बहुधा मोठे कारण म्हणजे स्वतःहून केलेली निवड. १८६५ नंतर लाखो लोकांना सरकारी कागदांसाठी, मजुरीच्या करारांसाठी, सैन्याच्या निवृत्तिवेतनासाठी, शाळेसाठी आडनाव नोंदवावे लागले. ज्यांच्याकडे ते होते त्यांनी तेच उघड केले. ज्यांना ते नको होते किंवा नव्हते त्यांनी निवडले. वॉशिंग्टन हे नाव तोवर एका घराण्याचे राहिलेले नव्हते. ते देशाचे नाव झाल्यासारखे होते, आणि नव्याने नागरिक झालेल्या माणसाने ते घेण्यात आपणही या देशाचे आहोत असा दावा होता. सगळ्यांनी आदरापोटीच ते घेतले असे मात्र समजू नये. कोणी काय मनात धरून नाव घेतले याची नोंद फारच थोड्या जणांनी मागे ठेवली आहे.

तिसरी वाट तुम्ही वाचत असलेल्या पुस्तकातच आहे. त्या काळात वॉशिंग्टन हे पहिले नाव म्हणूनही खूप रूढ होते, गोऱ्यांत आणि काळ्यांत दोन्हीकडे. बुकर यांच्या सावत्र वडिलांचे नाव वॉशिंग्टन फर्ग्युसन. मुलाने हजेरीला सांगितले ते सावत्र वडिलांचे पहिले नाव, त्यांचे आडनाव नव्हे. आईने आपले नाव ‘बुकर टालिआफेरो’ असे ठेवले होते हे त्यांना नंतर कळले आणि ते त्यांनी मध्ये घातले. तेव्हा गावाच्या नावावरून निघालेले हे आडनाव या एका मुलापुरते पुन्हा वडिलांच्या नावावरून तयार झाले आहे. त्यावरून डरहॅम, सल्ग्रेव्ह किंवा माउंट व्हर्नन यांतल्या कुठल्याही ठिकाणी जाण्याचा रस्ता निघत नाही.

आकडेमोड

प्रमाणाविषयी विचारले आहे म्हणून थोडे आकडे. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २००० आणि २०१० च्या गणनांतून शंभर किंवा अधिक व्यक्तींनी लावलेल्या सर्व आडनावांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. २००० च्या यादीत दीड लाखाहून थोडी अधिक आडनावे आहेत. त्यात वॉशिंग्टन लावणारे १,६३,०३६ जण होते आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी स्वतःला कृष्णवर्णीय म्हणून नोंदवले होते. २०१० मध्ये एकूण संख्या १ लाख ७७ हजारांच्या घरात गेली आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण ८७-८८ टक्क्यांवर आले. क्रमवारीत हे आडनाव दोन्ही वेळा पहिल्या दीडशेत आहे. म्हणजे शोधयात्री यांना जे वाटले ते आकड्यांतही दिसते, आणि ठसठशीत दिसते: अमेरिकेतल्या नेहमीच्या आडनावांत इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कशाचे नाही. दुसरा क्रमांक जेफर्सनचा, पण २००० मध्ये तो ७५ टक्क्यांच्या आसपास होता.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी, कारण हा आकडा हमखास उलटा वाचला जातो. वॉशिंग्टन आडनावाच्या शंभरांत नव्वद जण कृष्णवर्णीय आहेत, म्हणून कृष्णवर्णीयांत वॉशिंग्टन हे सर्वांत जास्त आढळणारे आडनाव ठरत नाही. तिथे विल्यम्स, जॉन्सन, स्मिथ हीच पुढे आहेत, कारण एकूण लोकसंख्येतच ती प्रचंड आहेत. २०१० मध्ये एकट्या स्मिथांची संख्या २४ लाखांहून अधिक होती. स्मिथ हे व्यवसायावरून पडलेले नाव असल्याने गावोगावी स्वतंत्रपणे उगवले. वॉशिंग्टन हे दोन-तीन खेड्यांचे नाव असल्याने गोऱ्या अमेरिकनांत ते मुळातच दुर्मीळ होते. छेदातली गोरी संख्या लहान, त्यामुळे टक्केवारी एवढी फुगते. उत्तरा यांनी सांगितलेल्या निवडीला या दुर्मीळपणाची जोड दिल्याशिवाय ९० हा आकडा समजत नाही.

आणखी एक आडनाव शेजारी ठेवून पाहावे: लिंकन. तेही स्थळवाचक, इंग्लंडमधल्या लिंकन शहराचे, ज्याचे नाव रोमनांच्या ‘लिंडम’पर्यंत मागे जाते. मुक्तीचा जाहीरनामा काढणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचे नाव मुक्त झालेल्यांनी भरभरून घेतले असेल अशी अपेक्षा असते. पण लिंकन आडनावाच्या लोकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण वॉशिंग्टनच्या तुलनेत फारच कमी आहे. मला याचा अर्थ असा दिसतो की १८६५ पर्यंत बहुतेकांची आडनावे ठरून गेली होती, गुलामगिरीत असतानाच. कागदावर ती नंतर आली एवढेच. तसे असेल तर वॉशिंग्टन नावही बऱ्याच कुटुंबांत युद्धाच्या आधीपासून असणार, आणि ‘मुक्तीनंतरची निवड’ हे मोठे कारण म्हणणे थोडे जास्त होईल. उत्तरा यांचे यावर मत वाचायला आवडेल.

उत्तरा

लिंकनची तुलना रास्त आहे आणि ‘निवड’ हा शब्द मी केवळ १८६५ नंतरच्या काळाला लावायला नको होता असा आपला रोख असेल तर तो मान्य होण्यासारखा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले, तेव्हापासून मुक्तीपर्यंत दोन-तीन पिढ्या त्या नावाच्या वलयात वाढल्या. लिंकन यांच्या बाबतीत तेवढा अवधीच मिळाला नाही. मात्र युद्धापूर्वी घेतलेले नावही निवडलेलेच असू शकते. मालकाला न विचारता, त्याच्या वहीबाहेर घेतलेले म्हणून तर ते अधिकच.

नामवेध

एकाच आडनावाचे लोक एका रक्ताचे असतात का, यावर इंग्लंडमध्ये जनुकीय अभ्यासही झाले आहेत, कारण तिथे आडनाव आणि वाय गुणसूत्र हे दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चाळीस आडनावांचे पुरुष तपासले. स्मिथसारख्या नावांत काहीच साम्य आढळले नाही. याउलट अ‍ॅटनबरो हे नॉटिंगहॅमशायरमधल्या एका गावाचे नाव लावणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकाच पूर्वजाचे वंशज निघाले. दुर्मीळ स्थळवाचक आडनाव एकाच घराण्याचे असण्याची शक्यता चांगली असते ती अशी. पण हा नियम इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये, बाप-मुलगा अशी सलग साखळी असेल तेवढाच लागू होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन आडनावाला तो लावू गेल्यास, उत्तरा यांनी सांगितलेल्या वाटा पाहता, हाती काही लागणार नाही.

शोधयात्री

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. एक शेवटची शंका: समजा आज एखाद्या कृष्णवर्णीय वॉशिंग्टन कुटुंबाला आपले नाव कोणत्या वाटेने आले हे शोधायचे असेल, तर ते शक्य आहे का?

उत्तरा

१८७० पर्यंत बहुधा शक्य आहे. त्या वर्षीच्या जनगणनेत गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावे, आडनावासह, प्रथमच सरसकट नोंदली गेली. त्यामागे गेले की भिंत लागते: १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या याद्यांत मालकाचे नाव असते आणि खाली माणसांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. ती भिंत ओलांडायची तर मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या आणि १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्या पाहाव्यात, कारण खाते उघडताना आई-वडील, भावंडे आणि अनेक ठिकाणी पूर्वीचा मालक यांची नावे विचारली जात. कृष्णवर्णीय पलटणींतील सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलींत तर साक्षीदारांचे जबाब असतात, आणि सैन्यात एक नाव, मळ्यावर दुसरे नाव असल्यास ते का बदलले याचा खुलासाही करावा लागे. मालकाचे नाव एकदा हाती आले की त्याची मृत्युपत्रे, वाटणीपत्रे आणि खरेदीखते तपासायची. तिथे पहिल्या नावांवरून आणि वयांवरून कुटुंब जुळवावे लागते. काम किचकट आहे, पण वेसिंग्टन मळ्यासारख्या ठिकाणी, जिथे मालकांनी कागद जपून ठेवले, तिथे वंशजांना आपल्या पूर्वजांपर्यंत पोहोचता आले आहे.